मोसंबीखालचं लिंबू

१. बागेतला प्रश्न

झाड मोसंबीचं लावलं, काही वर्षं त्याची मोसंबी खाल्ली, मधे एक दुष्काळ गेला, झाड वाळून पुन्हा फुटलं आणि आता त्याच झाडाला लालसर नारंगी, गोल, सैल सालीची फळं लागली आहेत. दिसायला संत्रं, पण फोड तोंडात धरवत नाही इतकी आंबट. हे कसं झालं? जालना जिल्ह्यातल्या भोकरदन, जाफराबाद, बदनापूर, अंबड या पट्ट्यात हा प्रश्न हमखास निघतो. कुणी म्हणतं रोपवाटिकेवाल्यानं फसवलं, कुणी म्हणतं बोअरचं पाणी बाधलं, कुणी शेजारच्या बांधावरच्या लिंबाकडे बोट दाखवतं.

यातलं काहीही घडलेलं नसतं. ती फळं रंगपूर लिंबाची असतात आणि ते लिंबू त्या झाडात पहिल्या दिवसापासून होतं. मोसंबीचं कलमी रोप म्हणजे मुळात दोन झाडं. जमिनीत राहणारा भाग, म्हणजे खुंट, रंगपूर किंवा जंभेरी लिंबाचा. वरचा भाग मोसंबीच्या एका डोळ्यातून वाढलेला. रोपवाटिकेत खुंटाच्या सालीला इंग्रजी टी अक्षरासारखी चीर देतात, तीत मोसंबीच्या काडीवरचा डोळा सरकवतात आणि पट्टीनं बांधतात. डोळा जगला की खुंटाचा शेंडा छाटून टाकतात. पुढं झाड कितीही मोठं झालं तरी जोडाच्या खालचं लाकूड लिंबाचं आणि वरचं मोसंबीचंच राहतं. रस वर जातो, अन्न खाली येतं, पण दोघांचा वंश मिसळत नाही.

पाऊस दोन वर्षं हुलकावणी देतो तेव्हा आधी वरची मोसंबी वाळते. खुंट काटक असतो, तो तग धरतो आणि पाणी मिळताच जोडाच्या खालून फुटतो. या फुटव्यांची वाढ जोमदार असते. वेळीच काढले नाहीत तर दोन-तीन वर्षांत ते अख्खं झाड व्यापतात.

फळ लागेपर्यंत थांबायचीही गरज नाही. रंगपूरची कोवळी पालवी आणि कळ्या नीट पाहा. पालवीच्या टोकाला जांभळट झाक असते, न उमललेल्या कळीच्या पाठीवरही तीच. मोसंबीची कळी मात्र स्वच्छ पांढरी आणि पालवी पोपटी. ही जांभळट झाक कुठून आली, हे कळायला लिंबाच्या घराण्यात थोडं मागं जावं लागतं.

२. तीन-चार मूळपुरुष

मोसंबी, संत्रं, कागदी लिंबू, ईडलिंबू, पपनस, महाळुंग अशी नावं घेतली की वाटतं, ही सगळी वेगवेगळी फळं निसर्गानं स्वतंत्रपणे घडवली असावीत. तसं नाही. बाजारात दिसणारी बहुतेक लिंबूवर्गीय फळं थोड्याच मूळ जातींच्या आपसातल्या संकरातून झाली आहेत. त्यात तीन घराणी मोठी: जाड सालीचं, सुगंधी आणि जवळजवळ रस नसलेलं महाळुंग, डोक्याएवढं वाढणारं पपनस, आणि सुट्या सालीचं रानसंत्रं. चौथं एक रानटी लिंबू आहे, ते फिलिपाइन्सकडचं.

गोहोंग अल्बर्ट वू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साठ लिंबूवर्गीय झाडांचे जनुकसंच तपासून २०१८ साली या घराण्याची वंशावळ मांडली. त्यांच्या मते या साऱ्यांचं मूळ हिमालयाच्या आग्नेय पायथ्याशी, म्हणजे आसाम, उत्तर म्यानमार आणि चीनचा युनान प्रांत या टापूत आहे आणि तिथून हे घराणं सुमारे ऐंशी लाख वर्षांपूर्वी फाकायला लागलं.

आता नाती पाहू. पपनस आणि संत्रं यांच्या एकाहून अधिक पिढ्यांच्या मिसळीतून गोड नारिंग तयार झालं. मोसंबी ही याच गोड नारिंगाची एक जात. तिच्या नावात लिंबू नाही, रक्तातही महाळुंग नाही. कागदी लिंबू म्हणजे ते चौथं रानटी लिंबू आणि महाळुंग यांचं अपत्य. आणि रंगपूर? आई संत्रं, बाप महाळुंग. जंभेरीचे आईबापही याच दोन घराण्यांतले, फक्त तिच्या बाजूचं संत्रं वेगळं.

एवढं कळलं की रंगपूरचं विचित्र रूप उलगडतं. नारंगी रंग, सुटी साल, चपटगोल आकार आणि सुट्या होणाऱ्या फोडी आईकडून आल्या. आंबटपणा आणि पालवी-कळ्यांवरची जांभळी झाक बापाकडून, कारण महाळुंगाच्या कळ्या अशाच जांभळट असतात. घराच्या परसात महाळुंगाचं झाड असेल तर फुलोऱ्याच्या वेळी ताडून पाहावं.

महाळुंग हे या घराण्यातलं पश्चिमेकडे गेलेलं पहिलं फळ. जेरुसलेमजवळच्या एका इराणी राजवटीच्या बागेत त्याचे इसवीसनापूर्वी पाचव्या-चौथ्या शतकातले परागकण सापडले आहेत, रोमन लोकांनाही ते माहीत होतं. भोकरदनकरांना इथं एक गोष्ट आठवल्याशिवाय राहणार नाही. सांची आणि भारहुतच्या दानलेखांत ज्या भोगवर्धनाचं नाव येतं ते आपलं भोकरदन, आणि केळना नदीच्या काठी झालेल्या उत्खननात मिळालेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतल्या पॉम्पेईत सापडलेल्या मूर्तीशी जवळचं साम्य दाखवते. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलेल्या त्या शहराशी आपल्या भागाची देवघेव होती. त्या मालात महाळुंग होतं असा पुरावा कुठंच नाही, तसं म्हणायचंही नाही. पण फळं आणि झाडं अशाच व्यापारी वाटांनी देशोदेशी पोचली आणि नव्या शेजारात उभी राहिल्यावर त्यांचे संकर झाले. मोसंबीही आफ्रिकेच्या मोझांबिककडून आल्याचं मानलं जातं आणि आज जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे.

३. एका बीतून तीन रोपं

इथं जाणकार वाचक अडवेल. रंगपूर जर संकर असेल, तर त्याचं बी लावल्यावर संकरित कापसासारखी फूट पडायला हवी. एक रोप संत्र्याकडे झुकेल, दुसरं महाळुंगाकडे. मग रोपवाटिकेत हजारो खुंट एकसारखे कसे उगवतात?

ताज्या रंगपूरच्या दहा बिया ओल्या वाळूत टाका. काहींतून एकच कोंब येईल, पण काहींतून दोन, काहींतून तीन वर येतील. एका बीत एवढे कोंब येतात, कारण लिंबूवर्गातल्या बऱ्याच जातींत बीच्या आत एकाहून अधिक गर्भ तयार होतात. त्यातला एक आई-बापाच्या मिलनातून आलेला असतो. बाकीचे फक्त आईच्या पेशींपासून, परागकणाचा काहीही संबंध न येता वाढतात. बीजांडाच्या आतल्या ज्या थरातून ते येतात त्याला न्यूसेलस म्हणतात. दही लावताना कालच्याच दह्याचं विरजण घालावं आणि आज तेच दही मिळावं, तशी ही रोपं आईचीच नक्कल असतात. मिलनातून आलेला गर्भ बहुधा दुबळा पडतो, मागं राहतो. म्हणून चांगला रोपवाटिकाधारक वाफ्यातली सगळ्यांत खुरटी रोपं आणि अवाजवी उंच गेलेली रोपं दोन्ही उपटून टाकतो आणि मधली, एकसारखी ठेवतो. उरलेली जवळजवळ सगळी आईच्या वळणाची निघतात.

मोसंबी घेताना ‘न्यूसेलर’ हे नाव सतत कानावर येतं, ते याच थरावरून पडलं आहे. जुन्या झाडांच्या डोळ्यांमधून विषाणू पिढ्यानपिढ्या उतरत जातात. बीमधून मात्र ते बहुधा जात नाहीत. आईच्याच पेशींतून, पण बीच्या वाटेनं आलेलं रोप घेतलं की जात तीच राहते आणि विषाणूंचं ओझं गळून पडतं. अशा निवडीतून न्यूसेलर मोसंबी आली. तिची झाडं जोमदार असतात.

शेजारच्या लिंबावरचा संशयही इथंच मिटतो. मधमाशीनं लिंबाचे परागकण मोसंबीच्या फुलावर आणून टाकले तरी परिणाम होईल तो बियांवर. साल, फोडी, रस हे सगळं आईच्या पेशींचं असतं, त्यांची चव बदलत नाही.

४. सगळं मुळावर का अवलंबून?

मोसंबीचं बी लावून थेट झाड करता येतं, मग हा कलमाचा खटाटोप का? बीच्या झाडाला फळ यायला फार वर्षं लागतात, अंगभर काटे येतात. पण खरं कारण जमिनीखाली आहे. मोसंबीची स्वतःची मुळं नाजूक. काळ्या जमिनीत पाणी साचलं की फायटोप्थोरा नावाची बुरशी त्यांना आणि बुंध्याला पकडते. साल कुजते, डिंक वाहू लागतो. शेतकरी याला डिंक्या म्हणतात आणि एकदा तो बुंध्याभोवती फिरला की झाड हातचं गेलंच म्हणून समजा.

जंभेरी खुंटावर झाड भराभर वाढतं, हलक्या जमिनीत खोलवर जातं, पण डिंक्याला लवकर बळी पडतं. रंगपूर डिंक्याला जंभेरीपेक्षा चांगलं तोंड देतो, चुनखडी थोडी जास्त सोसतो आणि पाण्याचा ताणही झेलतो. सरासरी पाऊस सातशे मिलिमीटरच्या आतबाहेर आणि तोही बेभरवशाचा असलेल्या जालना जिल्ह्यात या तीन गुणांचं मोल वेगळं सांगायला नको. २०१२-१३ च्या दुष्काळात इथल्या शेतकऱ्यांनी टँकरनं पाणी घालून बागा जगवल्या, अनेकांना जमलं नाही आणि वाळलेली झाडं त्यांनी स्वतःच्या हातानं तोडून सरपणाला दिली. फळ धरलेली बाग उभी करायला पाच-सहा वर्षं लागतात, ती एका उन्हाळ्यात जाते. खुंटाची निवड हा विषय म्हणूनच मला फार जिव्हाळ्याचा वाटतो. रोप घेताना बहुतेक जण वरची जात विचारतात, खालचा खुंट कुणी फारसं विचारत नाही.

रंगपूरची सगळ्यांत मोठी परीक्षा झाली ती ब्राझीलमध्ये. १९३० आणि ४० च्या दशकांत तिथल्या साओ पाउलो भागात मावा किडीनं पसरवलेल्या ट्रिस्टेझा विषाणूनं लाखो नारिंगाची झाडं मेली. त्या साऱ्यांचा खुंट एकच होता, आंबट नारिंगाचा. या खुंटावर गोड नारिंगाचं कलम असेल तर विषाणू जोडाच्या ठिकाणी अन्न वाहणाऱ्या नळ्याच मारतो आणि मुळं उपाशी मरतात. रंगपूरवर बांधलेल्या झाडांना तो त्रास होत नव्हता. दुष्काळही सोसणारा हा खुंट मग तिथं इतका पसरला की जगातल्या सर्वांत मोठ्या नारिंग उद्योगाची बहुतेक झाडं त्यावर उभी राहिली. पण या शतकाच्या सुरुवातीला नेमक्या रंगपूरवरच्या झाडांना ‘आकस्मिक मर’ नावाचा नवा रोग लागला. तेव्हा बागायतदारांनी उभ्या झाडांच्या शेजारी दुसऱ्या खुंटाची रोपं लावून ती बुंध्याला जोडली, म्हणजे जिवंत झाडाला नवी मुळं दिली. अशी जोडणी आपल्याकडेही करता येते. मुळं खराब होऊ लागलेल्या, पण वरून अजून हिरव्या असलेल्या झाडाला ती वाचवू शकते. एकाच खुंटावर सगळा तालुका उभा करू नये, हे मात्र ब्राझीलकडे पाहून मला ठामपणे म्हणावंसं वाटतं.

रंगपूरचं एक दुखणं आधीच माहीत असलेलं बरं. एक्झोकॉर्टिस नावाच्या, विषाणूहूनही लहान अशा रोगकणामुळे त्याच्या खोडाची साल तडकून सुटते आणि झाड खुजं राहतं. हा रोगकण डोळ्यातून येतो, तसाच कलम बांधणाऱ्याच्या चाकूवरून आणि छाटणीच्या कात्रीवरूनही. एका झाडावरून दुसऱ्याकडे जाताना अवजार सोडियम हायपोक्लोराइटच्या सौम्य द्रावणात बुडवलं की ही वाट बंद होते.

५. आंबट, गोड आणि कडू

मोसंबी गोड लागते ती साखर फार असते म्हणून नव्हे. कागदी लिंबाच्या रसात सायट्रिक आम्ल सहा-सात टक्के असतं, संत्र्यात साधारण एका टक्क्याच्या आसपास. मोसंबीत ते त्याहून पुष्कळ कमी. आम्ल बाजूला झालं की थोडी साखरही जिभेला पुरते.

फळाच्या पेशीत रसाची एक पोकळी असते. तिच्या भिंतीतले प्रथिनांचे पंप आम्लकण आत ढकलत राहतात. २०१९ मध्ये नेदरलँड्स आणि कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी दाखवलं, की जहाल आंबट लिंबूवर्गीय फळांत असे दोन पंप जोरात चालतात, तर गोडसर जातींत ते घडवणारी जनुकं मंदावलेली किंवा बंद असतात. नवलाची बाब म्हणजे हेच पंप पिटुनियाच्या फुलाचा रंग ठरवताना आधी सापडले होते.

मोसंबीचा रस काढून ठेवला तर तासाभरात कडवट का लागतो, हे गृहिणी नेहमी विचारतात. फोडींच्या पडद्यात आणि बियांत लिमोनिनचं एक पूर्वरूप असतं, त्याला स्वतःला कडूपणा नसतो. फळ चिरडलं की ते रसातल्या आम्लाशी भेटतं आणि हळूहळू लिमोनिन बनतं, ते मात्र कडू. फळ दाबून काढलेला रस लगेच प्यावा, मिक्सरमध्ये बिया आणि पांढरे पडदे वाटू नयेत. आजाऱ्यासाठी डब्यातून नेताना रस न नेता आख्खी मोसंबी न्यावी.

६. खाण्याच्या वाटा

मोसंबी हिरवी दिसते म्हणून कच्ची समजू नका. लिंबूवर्गीय फळाची साल पिवळी व्हायला थंड रात्री लागतात. आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्यात पाणी तोडून धरलेल्या फुलोऱ्याची, फळं पावसाळ्याअखेर तयार होतात, तेव्हा थंडी पडलेलीच नसते. फळ हातात घेऊन वजन पाहावं, आकाराच्या मानानं जड लागलं आणि साल गुळगुळीत, तुकतुकीत असली की रस भरलेला असतो.

रंगपूर कुणी मुद्दाम खात नाही, बांधावर सडून जातं. हे मला खटकतं. त्याच्या रसाला लिंबाचा आंबटपणा आहे आणि संत्र्याचा वास, असं दुसरं फळ आपल्याकडे सहज मिळत नाही. सरबताला एक फळ दोन ग्लासांना पुरतं, साखरेबरोबर चिमूटभर मीठ आणि जिरेपूड घालावी. रंग फिकट केशरी येतो. डाळीच्या वरणावर, पोह्यांवर, तळलेल्या माशावर ते कागदी लिंबाच्या जागी चालतं. ब्राझीलमध्ये मांस मुरवायला हेच वापरतात.

त्याचं खरं रूप दिसतं लोणच्यात. साल पातळ आणि सैल असल्यानं मुरायला फार दिवस लागत नाहीत. एक किलो फळं पुसून कोरडी करा, फोडी करताना एकूण एक बी काढा, नाहीतर कडवटपणा उतरतो. दोनशे ग्रॅमच्या आसपास मीठ आणि हळद लावून बरणीत भरा, रोज हलवा. आठ-दहा दिवसांत साल मऊ होते, मग तिखट, मेथीपूड, हिंग आणि हवा तर गूळ. भोकरदनच्या शेजारच्या पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारातली हिरवी मिरची उभी चिरून यात घातली तर लोणचं आणखी खुलतं. सालींचा मुरांबाही सुरेख होतो. बारीक चिरलेल्या साली रात्रभर पाण्यात ठेवा, बिया फडक्यात बांधून त्याच पाण्यात सोडा, कारण रस घट्ट करणारं पेक्टिन त्यांच्यात असतं. दुसऱ्या दिवशी साली मऊ शिजवून, बियांची पुरचुंडी पिळून काढा आणि फळाच्या वजनाइतकी साखर घालून आटवा. थेंब थंड बशीवर टाकल्यावर ओघळला नाही की उतरवा.

७. लावताना

रोप घेताना आधी जोड शोधा. तो मातीपासून वीतभर तरी वर हवा, एकसंध हवा. खुंट कोणता, डोळा कोणत्या झाडाचा, हे विचारा. बदनापूरचं मोसंबी संशोधन केंद्र किंवा नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था अशा ठिकाणची खात्रीची रोपं किंवा डोळकाडी मिळाली तर उत्तम.

जमीन निचऱ्याची हवी. भारी काळ्या रानात गादीवाफा उंच करून त्यावर लावावं. चुनखडी दहा टक्क्यांवर गेली की पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, म्हणून माती तपासून घेणं आलं. दोन झाडांत आणि दोन ओळींत सहा-सहा मीटर ठेवलं तर एका झाडाला छत्तीस चौरस मीटर येतात. एकर साधारण चार हजार चौरस मीटरचा, म्हणजे एकशे दहाच्या आसपास झाडं बसतात. लावताना जोड कधीही मातीत गाडू नका. तो गाडला गेला तर मोसंबीची साल ओल्या मातीला टेकते आणि खुंटाचा सारा उपयोग संपतो. पाणीही बुंध्याला न देता घेराच्या कडेला द्यावं. पावसाळ्याआधी आणि नंतर एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी यांची बोर्डो पेस्ट बुंध्याला लावावी.

जोडाखालचे फुटवे कोवळे असतानाच हातानं मोडा, कात्रीनं कापले तर बुडखा राहतो आणि तिथून दुप्पट फूट येते. वरची मोसंबी मेलेलीच असेल तर उलट करा. सगळ्यांत सरळ, जोमदार फुटवा ठेवा, बाकीचे काढा आणि तो पेन्सिलीएवढा जाड झाला की ऑक्टोबर ते जानेवारीच्या दरम्यान त्यावर मोसंबीचा नवा डोळा भरून घ्या. मुळं जुनी, खोल गेलेली असतात, त्यामुळे नव्या रोपापेक्षा हे झाड लवकर सावरतं. मुळं निरोगी आहेत ना, हे मात्र आधी उकरून पाहावं.

बहार धरण्यासाठी झाडाला ताण द्यावा लागतो. आंबिया बहारासाठी डिसेंबरच्या सुमारास पाणी तोडतात. हलक्या जमिनीत महिनाभर, भारीत दीड ते दोन महिने. पानं मलूल होऊन थोडी गळू लागली की ताण पुरे झाला. पुढं पाणी एकदम भरपूर न देता वाढवत न्यावं, नाहीतर आलेला फुलोरा गळतो. केळना, जुई, गिरजेच्या काठची विहीर मार्चनंतर किती पाणी देते ते पाहून बहार ठरवावा.

शेत नसलेल्यांनी कुंडीत रंगपूर लावावं. पिकलेल्या फळातलं बी त्याच दिवशी धुऊन पेरायचं, वाळवलं तर त्याची उगवण जाते. दीड फुटाची, खाली चांगली भोकं असलेली कुंडी, माती आणि कुजलेलं शेणखत निम्मं निम्मं, त्यात थोडी वाळू, आणि दिवसाचे पाच-सहा तास ऊन. लिंबाच्या फुलपाखराच्या अळ्या कोवळी पानं फस्त करतात. सुरुवातीला त्या पक्ष्याच्या विष्ठेगत दिसतात, म्हणून नजरेतून सुटतात. रोज सकाळी पानं उलटून पाहावीत आणि अळ्या हातानं वेचाव्यात. फळं रंग धरल्यावरही बरेच दिवस झाडावर टिकतात, तेव्हा एकदम न तोडता लागतील तशी, देठाचा तुकडा ठेवून कात्रीनं काढावीत.